रिकाम्या रकान्यांविषयी

आमच्या संख्याशास्त्र विभागात
एके काळी विद्यार्थ्यांपेक्षा पंखे जास्त होते.
पाच पंखे, तीन पोरं,
त्यातलं एक वनस्पतिशास्त्राला जागा मिळाली नाही म्हणून आलेलं.

यंदा बाकं कमी पडली.
फाटकावरच्या फ्लेक्सवर 'डेटा सायन्स' लिहिलंय,
आत माझाच जुना अभ्यासक्रम, इस्त्री करून.
कवठेमहांकाळची एसटी पकडून येतात,
बुधगावहून एका दुचाकीवर तिघं तिघं,
आणि पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून:
सर, पॅकेज किती मिळतं?

मी विचारतो, सरासरी सांगू की मध्यक?
कुणी हसत नाही.
मग मी तो जुना विनोद काढतो,
सरासरी चार फूट खोल नदीत बुडालेल्या माणसाचा.
पूर्वी यावर हशा यायचा.
ही पोरं एकोणीसच्या पुरात
पत्र्यावर बसून होडीची वाट बघत होती.
विनोद कळतो त्यांना.
मी फळा पुसतो.

अल्फिया मुजावर तिसऱ्या रांगेत बसते.
वडील मार्केट यार्डात तोलार,
बत्तीस वर्षं हळदीच्या पोत्यांत,
त्यामुळे त्यांच्या वह्या नव्या असतानाच पिवळ्या.
प्रोजेक्टसाठी तिनं त्या आणल्या पिशवीतून:
दर दिवसाची पोती, वजन, भाव.
म्हणाली, पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा,
ती बोटं कुठल्या रकान्यात टाकू, सर?

दोन महिने आकडे भरले.
मग एक आज्ञा दिली,
आणि रिकाम्या जागा सरासरीनं भरून निघाल्या,
पापणी लवायच्या आत.
आलेख इतका गुळगुळीत, की मीच म्हणालो, छान.

घरी तिनं तो अब्बांना दाखवला.
त्यांनी चष्मा पुसला, एका जागी बोट ठेवलं.
'हे बारा दिवस मी यार्डात गेलोच नव्हतो.
अडत्या म्हणाला, काटा जरा हलका धर.
मी नाही म्हणालो आणि घरी बसलो.
तुझ्या अम्मीनं ब्लाउज शिवले, त्यावर चूल पेटली.
मग ही पोती कुणी तोलली?'

प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर तिनं मला सांगितलं:
सर, मी अब्बांच्या रागात सरासरी भरली.

यावर पुस्तकात उपाय आहेत, मीच शिकवतो.
त्या संध्याकाळी एकही आठवेना.
आठवलं ते हरिपूरचं पेव.
मामा हळदीचं पेव उघडायचा, पण लगेच उतरायचा नाही.
रात्रभर तोंड उघडं ठेवायचं,
सकाळी दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील विझला तर थांबायचं,
आत कितीका माल असेना.

तिनं ते बारा दिवस पुन्हा रिकामे केले.
आलेख तुटला.
खाली तळटीप: तोलार कामावर नव्हते. कारण विचारून घेतले आहे.
बाहेरच्या परीक्षकांनी दोन गुण कापले.

परवा पुण्याच्या कंपनीनं तिची मुलाखत घेतली, ऑनलाइन.
मी दाराबाहेर सूचनाफलक वाचत उभा,
त्यावर गेल्या वर्षीच्या रक्तदान शिबिराखेरीज काही नव्हतं.
आतून प्रश्न ऐकू आला:
माहितीत काही जागा रिकाम्या असतील, तर काय कराल?
बराच वेळ नुसता पंखा वाजला.
मग ती म्हणाली, आधी विचारीन, कुणाच्या आहेत.
पलीकडचा माणूस काय बोलला, कळलं नाही.
नेट गेलं असावं, किंवा तोही गप्प असावा.

प्राचार्यांना सोमवारपर्यंत प्लेसमेंटचा तक्ता हवाय,
फ्लेक्सवर सरासरी छापायची आहे.
मागच्या बाकावरचा तो रोज विचारतो,
सर, मुजावरला किती मिळालं?
तिच्या नावापुढचा रकाना
मी अजून तसाच ठेवलाय.